पुदिन्याच्या कुंडीवरचा बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या घरात जे जे भिंतीला टांगलेले दिसते, त्याच्यामागे माझेच कोणीतरी भाऊबंद दात आवळून उभे असतात. कौतुक होते ते टांगलेल्या वस्तूचे, नाहीतर भिंतीच्या रंगाचे. बोल्टाला कोण विचारतो? बोल्टाची आठवण होते ती तो निसटल्यावरच.

माझे आयुष्य मोठे गमतीचे गेले. अर्धे अंग भिंतीच्या आत काळोखात आणि अर्धे बाहेर उन्हापावसात. त्यामुळे घरातले सारे बोलणे मला भिंतीतून ऐकू येई आणि खालचे अंगण डोळ्यांसमोर दिसे. घरात काय चालले आहे आणि अंगणात काय चालले आहे हे एकाच वेळी जाणणारा त्या घरात मी एकटाच होतो. फक्त मला बोलता येत नव्हते. माझी सगळी गोष्ट तेवढ्यावरच अडते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच्या लांब पोलादी सळई आली आणि काकडीसारखे तिचे तुकडे पडले. त्यातला एक मी. एका यंत्राने माझ्या अंगावर आटे पाडले, दुसऱ्याने मला चकचकीत मुलामा दिला. शेवटी माझ्या कमरेला एक चिरलेली नळी चढवली. माझी सगळी करामत त्या नळीत आहे. भिंतीतल्या भोकात मला घालून बाहेरून नट आवळला की नळी आत फुगते आणि विटेला घट्ट मिठी मारते. पण मित्रांनो, मिठी मारायला समोर कोणीतरी भक्कम लागते. पोकळ जागेला मिठी मारून काय हाती येणार?

डब्यात बसून मी एका दुमजली घरी पोचलो. वरच्या मजल्यावर एक ड्रायव्हर आणि त्याची बायको राहत. लांबच्या गावी जाणारी रात्रीची बस चालवायची आणि दिवसा झोपायचे, असा त्याचा उलटा दिनक्रम. दुपारी वरची खोली अशी तापायची की गादीवर पडलेला माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा कूस बदलत राहायचा. झोप झाली नाही तर रात्री गाडीवर डोळा लागायची भीती. म्हणून घरात एसी आला. त्याचा एक भाग खोलीत बसला. दुसरा, भरलेल्या गॅसच्या टाकीपेक्षाही जड, बाहेरच्या भिंतीवर टांगायचा ठरला.

त्यासाठी दोन लोखंडी ब्रॅकेट होती आणि प्रत्येकाला दोन-दोन बोल्ट, एक वर, एक खाली. डाव्या ब्रॅकेटचा वरचा बोल्ट मी. खालच्या बोल्टाचे काम त्या मानाने सोपे असते, वजन त्याला भिंतीवर दाबते. वरच्याला मात्र ते दिवसरात्र भिंतीतून उपटून काढायला बघत असते. पहिल्या दिवसापासून माझ्या वाट्याला ही ओढाताण आली.

मेकॅनिकने भोके पाडली तेव्हा तीन भोकांतून विटेची लाल पूड आली. माझ्या भोकातून आली करडी वाळू. दोन विटांच्या मधल्या सांध्यात भोक पडले होते. मला आत घालून त्याने नट आवळायला घेतला, तर नटाबरोबर मीही गरगर फिरायला लागलो.

"साहेब, हा फिरतोय," मेकॅनिक शिडीवरून म्हणाला. "सांध्यात गेलंय भोक. ब्रॅकेट चार बोटं सरकवून नवीन भोकं मारू या का?"

ड्रायव्हरने खाली उभे राहून भिंतीकडे पाहिले. नुकताच रंग दिलेली भिंत, पिस्त्यासारखी हिरवी. "अहो, आत्ता कुठे रंग वाळलाय. एवढ्या देखण्या भिंतीची चाळण नका करू. बाकीचे तीन घट्ट आहेत ना?"

"तीन एकदम घट्ट."

"मग झालं तर! चार जणांत एक आळशी असायचाच."

मेकॅनिकला पुढच्या घरी जायची घाई होती. त्याने खिशातून काड्यापेटी काढली, दोन काड्या मोडून माझ्या शेजारी भोकात खुपसल्या आणि मला हातोडीने ठोकले. काड्यांमुळे माझे फिरणे थांबले, नट आवळला गेला. "बसला!" तो म्हणाला. मी आळशी ठरलो, आणि ते जड यंत्र दोन काड्यांच्या भरवशावर माझ्या गळ्यात पडले.

तरीही पहिले दिवस सुखाचे गेले. ड्रायव्हर दुपारभर घोरायचा. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दुपारी जेवायला घरी आली की ती म्हणायची, "घोरण्याचा आवाज ऐकून बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं बाई."

खालच्या मजल्यावर आत्या राहत. ड्रायव्हर लहानपणी पोरका झाला, तेव्हा या आत्यांनीच त्याला शिवणयंत्रावर कपडे शिवून वाढवले. आता त्यांचे गुडघे थकले होते, जीभ मात्र अजून तरणीताठी होती. दूध पातळ आहे, ऊन तिरपे आहे, बातम्या सांगणारी बाई फार भरभर बोलते... त्यांची कुरकुर सकाळी सुरू होई आणि दिवसभर चाले. घरातल्यांनी त्यावर एक रामबाण औषध शोधले होते. आत्या काहीही म्हणाल्या तरी म्हणायचे, "हो आत्या." आणि आपल्या कामाला लागायचे.

आत्यांचा मानही मोठा. दुपारी त्या भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसत. उठताना त्यांना त्रास होई. सून, म्हणजे ड्रायव्हरची बायको, धावत येऊन हात पुढे करी, पण त्या तो कधी धरत नसत. "अजून कोणाच्या हाताने उठायची वेळ नाही आली माझ्यावर," असे म्हणत आणि कण्हत, खुर्चीचे दांडे दाबत एकट्याच उठत. सून हात मागे घेई. तिचे तोंड उतरलेले मला वरून दिसे.

ड्रायव्हरला हे बघवेना. आत्या हात धरत नाहीत तर धरायला दुसरे काहीतरी हवे, असे म्हणून त्याने एक जाड दोरी आणली. दोरी वर कुठे बांधायची? भिंतीवर लोखंड म्हणाल तर एकच दिसत होते. त्याने खिडकीतून वाकून दोरी डाव्या ब्रॅकेटला बांधली आणि टोकाला गाठ मारून खाली आत्यांच्या हाताशी सोडली.

"घे आत्या. आता हत्ती लटकला तरी हलायचं नाही!"

आत्या दोरी धरून उठल्या आणि खूश झाल्या. त्या दिवसापासून त्या उठल्या की माझ्या कंबरड्याला हिसका बसू लागला. रागवावे तरी कोणावर? ती दोरी मायेने बांधलेली होती. ड्रायव्हरच्या मनात काळजीच होती, फक्त ती बांधताना त्याने वर नीट पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खोलीतल्या एसीचे पाणी बाहेर आणणारी बारीक नळी माझ्याच ब्रॅकेटला, भिंतीच्या अगदी लगत बांधलेली होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी पडे. पाणी वाया जाते आहे हे आत्यांना कसे सोसणार? त्यांनी त्या थेंबाखाली, भिंतीला चिकटून, पुदिन्याची कुंडी ठेवली. पुदिना असा फोफावला की कुंडी दिसेनाशी झाली.

वर्षे गेली. पावसाचे पाणी झिरपून माझ्या शेजारच्या काड्या कुजल्या. वाळू सुटू लागली. एका दुपारी यंत्र सुरू होताना धक्का बसला आणि मी भिंतीतून केसभर बाहेर सरकलो. ब्रॅकेट सैल झाले आणि त्यावर यंत्र नाचू लागले. खड खड खड खड! मित्रांनो, तो आवाज म्हणजे माझी हाक होती. मला तेवढेच बोलता येत होते. "अरे, कोणीतरी वर या, मी सुटतो आहे," असे मी जीव तोडून सांगत होतो.

ड्रायव्हर आला. डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले. त्याने खिडकीतून बाहेर डोके काढले, यंत्र हलवून पाहिले आणि आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या रबरी चपलेचा कापलेला तुकडा होता. यंत्र आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत त्याने तो ठोकून बसवला. खडखड थांबली.

"आवाज बंद!" तो आत जाऊन बायकोला म्हणाला. "मेकॅनिकला कशाला बोलवायचं? एका चपलेत काम झालं."

"डोकं आहे हो तुम्हाला," ती हसून म्हणाली.

हाक मारणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर शाबासकी घ्यायची! मला फार वाईट वाटले. पण मी करणार काय? यंत्र सुरू होताना, आत्या उठताना, मी मुकाट्याने थोडा थोडा बाहेर येत राहिलो. माझ्याबरोबर ब्रॅकेट पुढे झुकू लागले. आणि पाण्याला उतार सापडला.

आता नळीतले पाणी भिंतीलगत पडेना. ते ब्रॅकेटच्या लोखंडावरून पुढे ओघळे आणि मग टपकन पडे. कुंडी चुकली, थेंब फरशीवर पडला. आत्यांनी कुंडी थोडी पुढे सरकवली. काही दिवसांनी थेंब आणखी पुढे गेला. आत्यांनी कुंडी आणखी पुढे घेतली. जसजसा मी सुटत होतो, तसतशी ती कुंडी भिंतीपासून दूर चालली होती. आणि कुंडी हलल्यामुळे भिंतीजवळ छान जागा मोकळी झाली. त्या जागेत आत्यांनी आपली खुर्ची आणून ठेवली. सावली तिथे सगळ्यात दाट होती, आणि दोरीही हाताशी होती. म्हणजे माझ्या आणि त्या यंत्राच्या बरोबर खाली.

माझा जीव टांगणीला लागला. बोल्टाचा जीव तसाही टांगणीलाच असतो, पण आता खाली एक माणूस होते.

"ते पाणी जागेवर पडत नाही," आत्या कुरकुरू लागल्या.

"हो आत्या," ड्रायव्हर बुटाचे बंद बांधत म्हणाला.

"अरे, रोज पुढे पुढे चाललंय. कुंडी ढकलून ढकलून माझी कंबर गेली."

"पाणीच ते, आत्या. वाहणारच. कुठे एका जागी बसणार आहे?"

"सूनबाई, तू तरी बघ गं."

"हो आत्या, रविवारी बघते," सून म्हणाली. रविवार आला आणि गेला.

मित्रांनो, त्या घरात आम्ही दोघेच खरे सांगत होतो. माझे तोंड चपलेने बंद केले होते आणि आत्यांचे "हो आत्या"ने.

मग ती दुपार आली. ऊन मी म्हणत होते. वर ड्रायव्हर गाढ झोपला होता. यंत्र काही वेळ चाले, खोली गार झाली की थांबे, आणि पुन्हा धक्का देऊन सुरू होई. त्या प्रत्येक धक्क्याला मी सरकत होतो. भिंतीत माझे जेमतेम टोक उरले होते. उजवीकडचा भाऊ माझे ओझेही ओढत होता आणि त्याच्या भोवतीचा रंग तडकू लागला होता. खाली आत्या खुर्चीत मान टाकून डुलक्या घेत होत्या.

सून जेवायला घरी आली. अंगणात शिरताच तिची नजर फरशीवर गेली. फरशीवर कुंडीच्या बुडाचे गोल गोल हिरवट डाग पडले होते. "काय हे डाग!" ती पुटपुटली. हातातली पिशवी ठेवून तिने ब्रश घेतला आणि कुंडीजवळचा डाग घासला. त्याच्या मागे आणखी एक. त्याच्या मागे आणखी एक. डाग घासत घासत ती भिंतीकडे सरकत होती. शेवटचा डाग आत्यांच्या खुर्चीखाली, भिंतीला चिकटून होता. तिथे तिचा ब्रश थांबला.

कुंडी एवढी चालत का आली? तिने मान वर केली.

ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात तिची करंगळी मावेल एवढी फट होती. त्या फटीत मी होतो. बाहेरचा माझा भाग गंजून तांबडा झाला होता, पण नुकताच भिंतीतून बाहेर आलेला भाग अजून चकचकीत होता. तिने मला पाहिले. इतक्या वर्षांत त्या घरातल्या कोणीतरी मला पहिल्यांदा नीट पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

यंत्र त्या क्षणी थांबलेले होते. ते केव्हाही सुरू होणार होते.

ब्रश थांबल्याने असेल किंवा सुनेची चाहूल लागून असेल, आत्यांना जाग आली. त्यांनी डोळे किलकिले केले आणि सवयीने त्यांचा हात दोरीकडे गेला.

सून किंचाळली असती तर आत्या दचकल्या असत्या, आणि दचकलेल्या माणसाने पहिली दोरीच ओढली असती. ती किंचाळली नाही. तिने अगदी हळू आवाजात म्हटले, "आत्या, दोरीला हात नका लावू."

"का? दोरी काय तुझ्या माहेरची आहे?"

"नाही. पण माझे हात धरा."

"मला उठता येतं माझं मी."

"येतं, मला ठाऊक आहे. तरी धरा. आज माझ्यासाठी धरा."

आत्यांची बोटे दोरीच्या गाठीवर टेकली होती. माझ्यापर्यंत त्यांचा हलकासा भार पोचला, आणि माझ्या शेजारची वाळू सुळकन खाली सांडली. आत्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिले. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि पुढे केलेले दोन्ही हात तिने आज मागे घेतले नव्हते. जन्मभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेल्या आत्यांना काय समजायचे ते समजले. त्यांनी काहीही न विचारता दोरी सोडली आणि आपले दोन्ही हात तिच्या हातात दिले.

सुनेने त्यांना उठवले. गुडघे कडकड वाजले. एक पाऊल, मग दुसरे.

"सावकाश गं. कुंडीला पाय लागेल."

"लागू दे कुंडीला."

"लागू दे काय? पुदिना आहे त्यात!"

मी भिंतीतल्या शेवटच्या चिमूटभर वाळूला धरून होतो. आत्या, मेहेरबानी करा, पुदिन्याचे नंतर बघू, असे मला ओरडून सांगावेसे वाटत होते. त्या दोघी कुंडीला वळसा घालून अंगणाच्या मध्यावर पोचल्या आणि वर यंत्र धक्का देऊन सुरू झाले.

मी सुटलो. ब्रॅकेटने मान टाकली. ते जड धूड डावीकडे कलंडले, आणि उजवा भाऊ व तांब्याचे दोन वाकलेले पाइप यांच्या आधाराने तसेच अधांतरी अडकून राहिले. फटीतून चपलेचा तुकडा निसटला आणि खाली पडला. पडला तो बरोबर आत्यांच्या रिकाम्या खुर्चीत.

तोंडातला बोळा निघाला, आणि यंत्र पुन्हा बोलू लागले. खड खड खड खड! सारी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्याने.

ड्रायव्हर खिडकीत आला. "पुन्हा सुरू झालं का हे!" तो चिडून म्हणाला. मग त्याला अंगणात दोघी दिसल्या. एकमेकींचे हात घट्ट धरून त्या त्याच्या खिडकीखाली टक लावून पाहत होत्या.

"बंद कर!" आत्या गरजल्या. "आधी बंद कर ते!"

त्या दिवशी पहिल्यांदा तो "हो आत्या" म्हणाला नाही. त्याने धावत जाऊन बटण बंद केले.

मेकॅनिक माणसे आणि दोर घेऊन आला. सगळ्यांनी मिळून यंत्र हळूहळू खाली उतरवले. मग मला काढण्यासाठी मेकॅनिकने खिशातून पाना काढला, पण पान्याची गरजच पडली नाही. त्याने दोन बोटांत मला धरले आणि मी लोण्यातून केस निघावा तसा बाहेर आलो. माझ्यामागून काड्यांचा काळा भुगा सांडला.

"चाळण नको असं मीच म्हणालो होतो," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि काड्या मी घातल्या," मेकॅनिक म्हणाला.

ड्रायव्हरने खुर्चीतला चपलेचा तुकडा उचलला. खुर्चीकडे पाहिले, वर भिंतीकडे पाहिले, आणि मटकन पायरीवर बसला. एवढी मोठी बस रात्रभर हाकणारा माणूस, पण त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. "सांगत होतं ते बिचारं. मीच त्याचं तोंड बंद केलं," तो म्हणाला.

आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मीही सांगतच होते की. पाणी पुढे चाललंय म्हणून."

"हो आत्या," तो सवयीने म्हणाला, आणि जीभ चावली. मग डोळे पुसून त्याने त्यांच्याकडे तोंड वळवले. "काय म्हणत होतीस तू पाण्याचं? पहिल्यापासून सांग."

आणि आत्यांनी सांगितले. अगदी पहिल्या थेंबापासून, कंबरदुखीसकट. त्याने मध्ये एकदाही त्यांना तोडले नाही.

आता यंत्र भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, पक्क्या विटांवर बसले आहे. भिंतीच्या आरपार लांब सळया घातल्या आहेत आणि खोलीच्या बाजूने त्यांना जाड पत्रे लावून नट आवळले आहेत. हिरव्या भिंतीवर जुन्या भोकांची ठिगळे दिसतात, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. यंत्राखाली फक्त कुंडी असते. खुर्ची फाटकाजवळ गेली आहे.

आणि मी? मला भंगारात टाकू दिले नाही आत्यांनी. पुदिन्याच्या कुंडीत, बरोबर थेंबाखाली, त्यांनी मला डोके वर करून रोवले आहे. थेंब माझ्या डोक्यावर पडतो, टप. पूर्वी मी वजन धरायचो, आता खूण धरतो. थेंब माझ्या डोक्यावरून जरा जरी चुकला तरी आत्या हाक मारतात, आणि सारे घर हातातले काम टाकून आधी वर बघते. एकदा नुसत्या वाऱ्याने थेंब चुकला होता, तरी ड्रायव्हर बनियनवरच शिडी घेऊन धावला.

मित्रांनो, तुमच्याही घराच्या भिंतीवर जड ओझी टांगलेली असतील. त्यांना मधूनमधून हात लावून बघा. त्यांच्याखाली कोणाला बसवू नका. त्यांना आणखी काही बांधण्याआधी, आत कोण आणि कशाच्या आधारावर उभे आहे ते विचारा. आणि कोणी खडखड केली, मग ते लोखंड असो की म्हातारे माणूस, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बघा. चप्पल नंतर शोधा.

दोरी मात्र पुन्हा कोणी बांधली नाही. दुपार कलली की सून फाटकाजवळ येते आणि दोन्ही हात पुढे करते. "किती गार हात तुझे, मेले!" अशी आत्यांची रोजची कुरकुर असते. "हो आत्या," सून म्हणते, आणि हात सोडत नाही.